दिवस द्यायचा, हुन्नर घ्यायचा

मौलाली शिकलगार कुणाच्याही कामापुढं उभा राहायचा. कल्हईवाला भांड्यात नवसागर टाकतोय, हा उभा. पंक्चरवाला ट्यूबवर कानस घासतोय, हा उभा, आणि घासण्या मोजतोय. गंगावेशीत म्हशीची धार काढणारा गवळी एकदा वैतागून म्हणाला, "पावणं, दूध प्यायचं असलं तर पेला घ्या, न्हायतर बाजूला व्हा. म्हस बुजती." मौलालीनं विचारलं, "अंगठा आत का मुडपलाय?" गवळ्यानं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या अंगठ्याकडं नीट बघितलं.

अशा माणसाला कोल्हापुरात रिकामटेकडा म्हणतात. ज्यांचं काम बापाच्या काळापासून बोटभरसुद्धा पुढं सरकलेलं नाही, ते तर मोठ्यानं म्हणतात. मौलाली ऐकून घ्यायचा आणि पुढच्या माणसापुढं जाऊन उभा राहायचा.

उद्यमनगरात त्याचं पत्र्याचं शेड होतं. चौसष्ट साली घेतलेलं. बाप चाकू-कात्र्यांना धार लावत गल्लोगल्ली फिरला. मौलाली चौथीतून सुटला तो थेट फौंड्रीत वाळू चाळायला गेला, आणि वीस वर्षांनी स्वतःच्या शेडात कोर करायला बसला. कोर म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण ज्यांच्या शेतात इंजिनं धडधडतात त्यांनासुद्धा ते ठाऊक नसतं. इंजिनाचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ठोकळा आतून भरीव नसतो. पाणी फिरायला त्याच्यात वाकडीतिकडी पोकळी लागते. बीड ओतायच्या आधी साच्यात त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा तुकडा ठेवतात. तो कोर. रसरसलेलं बीड त्याच्याभोवती वाहतं, थंड होतं, मग वाळू ठोकून बाहेर काढायची. राहते ती पोकळी. मौलालीचं सगळं काम असं, शेवटी फोडून फेकायचं. इंजिनावर नाव कारखान्याचं, रंग कारखान्याचा, आणि आतली मोकळी जागा मौलालीची.

आता ही वाळू धरून ठेवायची कशानं, हाच सगळा प्रश्न. बीड ओतताना कोर ढासळता कामा नये, आणि नंतर हातोडीच्या चार ठोक्यांत भुगा झाला पाहिजे. त्यातून बिडाच्या आचेनं कोर पेटला की आत वायू धरतो. त्याला वाट मिळाली नाही तर बिडात फोड येतात आणि माल भंगारात जातो. पहिल्या वर्षी मौलालीचा दहात तीन हिस्से माल भंगारात जायचा.

त्याचा दोस्त पिराजी कुंभार. एकाच तालमीत लाल मातीत लोळलेले. पिराजीच्या भट्टीपुढं मौलाली असाच उभा राहिला, तेव्हा पिराजी खेकसला, "मौल्या, नुस्तं बघाय हे काय तमाशाचं थेटर हाय? बघायचं असंल तर पाय घाल चिखलात." मौलालीनं विजार गुडघ्यावर दुमडली आणि दिवसभर माती तुडवली. दिवस मावळताना पिराजीनं त्याला चहा पाजला आणि सगळं सांगितलं. मातीत भुसा का, घोड्याची लीद का. "भाजताना मातीला बी श्वास घ्याया वाट लागती रं. लीद जळून जाती, तितं भोकं ऱ्हात्यात. वाट न्हाय दिली तर मडकं आतनंच फुटतंय."

दुसऱ्या दिवशी मौलालीच्या वाळूत बारीक चाळलेला भुसा पडला. फोड निम्म्यावर आले.

त्या दिवसापासून त्याचा नियम ठरला. दिवस द्यायचा, हुन्नर घ्यायचा. फुकट काही बघायचं नाही. इचलकरंजीला सुताला खळ लावतात तिथं जाऊन त्यानं दिवसभर खळीचा हंडा ढवळला आणि पीठ किती शिजलं म्हणजे चिकटतं पण गुठळी होत नाही, ते घेऊन आला. गुऱ्हाळावर चुलवणात चिपाड कोंबलं, आणि काकवीची तार कितपत ओढायची ते गुळव्याकडून घेतलं. लक्ष्मीपुरीतल्या बेकरीत भट्टीतले पत्रे ओढता ओढता तळहात चटकावून घेतले; भट्टीच्या तोंडाशी हात किती वेळ टिकतो त्यावरून आच ओळखायला शिकला. भुसा, खळ, काकवी आणि बेकरीची आच, असं सगळं त्याच्या कोरात गेलं. संध्याकाळी पिराजी विचारायचा, "काय मौल्या, आज कुणाचं काय चोरलंस?" आणि मौलालीकडं रोज सांगायला काहीतरी असायचं.

हेच एखाद्या डिग्रीवाल्यानं केलं असतं तर त्याला संशोधन म्हणाले असते. मौलालीनं केलं म्हणून खटपट.

सदुसष्ट साली ऑईल इंजिनच्या एका कारखान्याचं काम त्याला मिळालं. कायमचं, बारा महिने. शेडात तो, त्याची बायको अमीरबी, झुंबरबाई आणि बयाबाई, असे चौघं. या एका कामावर तीन चुली पेटायच्या. दुसरं गिऱ्हाईक म्हणावं असं नव्हतंच. काम राहिलं तर शेड राहणार, काम गेलं तर शेड जाणार, इतका सरळ हिशेब होता.

आणि अडुसष्टच्या श्रावणात कोरांना घाम फुटला.

काकवीचा दोष हा, की ती हवेतलं पाणी ओढते. उन्हाळ्यात दगडासारखे कोर पावसाळ्यात दोन दिवसांत दमट व्हायचे. ओलसर कोरावर बीड पडलं की साचा तोफेसारखा उडायचा. एका कामगाराचा पाय भाजला. मालकानं मौलालीला बोलावून घेतलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "शिकलगार, पुढच्या पावसाळ्यात असं झालं तर मी माल बेळगावहून आणणार. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका! माणसाच्या गळ्यावर सुरी ठेवायची आणि वर म्हणायचं, मान अवघडली तर सांगा.

पुढचे दहा महिने मौलाली पिसाटासारखा फिरला. डिंक, सरस, राळ, अळशीचं तेल, सगळं करून बघितलं. अळशीनं काम व्हायचं, पण परवडायचं नाही. जूनमध्ये एक ट्रकवाला म्हणाला, आजऱ्यात काजूच्या टरफलाचं तेल निघतं, ते लाकडाला लावलं की वाळवी लागत नाही. मौलालीला रात्र निघेना, पहाटेच्या पहिल्या एस्टीनं तो आजऱ्याला गेला.

काजूच्या कारखान्यात चिमणाबाई नावाची बाई टरफलं फोडायला बसायची. हातांना राख फासलेली. मौलाली तिच्यापुढं उभा राहिला.

"काय बघतासा?" ती म्हणाली. "काजू खायाचा असंल तर मुकादम हाणंल."

"दिवसभर फोडून देतो, मावशी. मजुरी नको. एवढंच सांगायचं, हे तेल काय काय करतं."

"येडं हाय का काय!" ती शेजारणीला म्हणाली. पण राखेचं टोपलं तिनं त्याच्याकडं सरकवलं. "लावा. न्हायतर सालटी निघतील."

मौलालीला राख लावून टरफल नीट धरता येईना, म्हणून दुपारी त्यानं हात पुसून टाकले. संध्याकाळपर्यंत बोटं फोडांनी टरारली. पण तोवर त्याला पाहिजे ते दिसलं होतं. टरफलं भाजायच्या चुलाण्याखाली वर्षानुवर्षं तेल गळून माती काळी ठिक्कर झाली होती. बाहेर आजऱ्याचा पाऊस पत्र्यावर आदळत होता, चुलाण्याभोवती टाचभर पाणी साचलं होतं. त्यानं त्या पाण्यात हात घालून मातीचं एक ढेकूळ उपसलं. ढेकूळ विरघळलं नव्हतं. बोटानं दाबलं, दबलं नाही. दगडावर आपटलं, तर भुगा झाला.

तो चुलाण्यापाशी, पाण्यातच, मटकन खाली बसला. चिमणाबाईला वाटलं, हाताच्या आगीनं घेरी आली.

त्या पावसाळ्यात एकही साचा उडाला नाही. पुढच्याही नाही. काकवी निम्मी, काजूचं तेल एक मूठ, भुसा, खळ, आणि बेकरीच्या आचेवर दीड तास. मौलालीच्या कोरांना पाण्यात बुडवलं तरी फरक पडायचा नाही. शंभरातला एखादा तुकडा परत यायचा. मालकानं त्याला खुर्ची दिली. बसायला सांगितलं.

फक्त अमीरबीचे हात गेले. तेल वाळूत मळायचं ते हातानंच. राख लावली तरी वर्षभरात तिच्या तळव्यांची कातडी सापाच्या कातीसारखी सुटायला लागली. ईदला शेजारणींनी तिच्या हातावर मेंदी काढली, तर दुसऱ्या दिवशी कातडीबरोबर मेंदीही निघून आली. ती हसली. "चला, तेवढीच मेंदी शेडात जळणाला झाली."

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर बाळासो आला.

पंचवीस-सव्वीसचा गडी, कारखान्यात सुपरवायझर, टेरिलीनचा शर्ट, खिशाला दोन पेनं. आल्या आल्या वाकून नमस्कार केला. "मामू, खोटं कशाला बोलू, मालकांनी पाठवलंय. तुमचं काम शिकून ये म्हणाले."

मौलालीला ते खोटं न बोलणं फार आवडलं. म्हणाला, "आमच्याकडं नियम हाय. दिवस द्यायचा."

"देतो की."

बाळासोनं शर्ट काढून खिळ्याला अडकवला आणि बनियनवर वाळू चाळायला बसला. एक नाही, अकरा दिवस आला. झुंबरबाईच्या शिव्या खाल्ल्या, भट्टीतले पत्रे ओढले, काजूच्या तेलानं बोटं भाजून घेतली. मौलाली त्याला एकेक गोष्ट उलगडून सांगत होता, आणि सांगताना त्याचा चेहरा असा खुलायचा की जणू घरात पोर जन्माला आलंय. दहा वर्षं तो सगळ्यांकडून घेत आला होता. घ्यायला त्याच्याकडं आलेला हा पहिलाच माणूस.

सहाव्या दिवशी बाळासोनं किराणा दुकानातून तराजू आणला. "मामू, मूठ भरा." मौलालीनं पळीतून अंदाजानं मूठभर तेलाची धार डब्यात सोडली, तसं बाळासोनं ते तेल तोललं. परत, परत, दहा वेळा. "एकशे चाळीस ग्रॅम. दहाही वेळा. मामू, तुमची मूठ म्हणजे वजनमाप हाय!"

मौलालीनं ते त्या दिवशी अख्ख्या गल्लीला सांगितलं.

अमीरबीनं त्या संध्याकाळी चुलीपुढं विषय काढला. "अवो, ह्यो येतोय कशाला?"

"शिकाय."

"शिकून काय करणार?"

"काय करंल ते करंल. मी पिऱ्याकडं गेलतो तवा त्यानं इचारलं काय, शिकून काय करणार म्हणून? त्या आजऱ्याच्या बाईनं इचारलं?"

"पिराजीभावजी मडकी घडवत्यात. तुमी त्यांच्याकडनं शिकून मडकी घडवाय लागला काय? काजू फोडाय लागला? ह्यो तर तुमचंच काम शिकून तुमचंच काम करणार."

मौलालीनं ताट पुढं ओढलं. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं असं नाही. पण ज्या माणसाला आयुष्यभर सगळ्यांनी दार उघडून दिलं, त्यानं आपल्या दाराला कडी कशी लावायची? आणि अभिमानही होताच की. भाकरीचा तुकडा मोडत तो म्हणाला, "माझ्याहून चांगलं करून दाखवू दे की मग. आपण आनि पुढचं शिकू."

"आनि माझ्या हाताची साल दाखवलासा का त्याला? ती बी लिहून घे म्हणावं."

मौलाली जेवता जेवता उठला.

अकराव्या दिवशी बाळासो पेढे घेऊन आला. मौलालीच्या पाया पडला. आणि तो मनापासून पडला होता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. लबाड माणूस परवडतो. त्याला शिव्या तरी देता येतात.

पंच्याहत्तरच्या मे महिन्यात कोर न्यायला कारखान्याचा टेम्पो आला नाही. चार दिवस वाट बघून मौलाली सायकलवर कारखान्यात गेला. मालक गावाला गेलेले. अंगणात नवं शेड उभं होतं, दार उघडं. आत सहा बाया हातात रबरी मोजे घालून वाळू मळत होत्या. मोजे! सहा वर्षांत मौलालीला मोजे सुचले नव्हते. त्याच्या नजरेपुढं अमीरबीचे हात आले. भिंतीवर काळा फळा टांगला होता. खडूनं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: भुसा इतका, खळ इतकी, काकवी इतकी. काजू तेल, १४० ग्रॅम.

त्याची मूठ भिंतीवर लटकत होती आणि तो दाराबाहेर उभा होता.

मौलाली तसाच परत फिरला. भांडला नाही. कशावर भांडणार? कोर्टात उभा राहून सांगणार की या माणसानं माझ्या परवानगीनं, माझ्या समोर, अकरा दिवस राबून माझं सगळं घेतलं? असल्या चोरीला कायद्यात कलम नाही. कलमं लिहिणारे कधी कुणापुढं दिवस द्यायला गेलेले नसतात.

झुंबरबाई आणि बयाबाई विटांच्या भट्टीवर गेल्या. मौलालीनं दुसऱ्या फौंड्र्यांचे उंबरे झिजवले. पण दोन वर्षांत तो कारखानाच आजूबाजूला कोर पुरवायला लागला, मौलालीहून स्वस्त. त्याच्याहून चांगलं करून दाखवलंच की त्यांनी. तो मात्र अजून 'पुढचं' शोधत फिरत होता. वारणानगरला जाऊन दुधाच्या भुकटीच्या यंत्रापुढं उभा राहिला, भुकटी वाळूला लावता येते का म्हणून. पहारेकऱ्यानं हाकललं. पूर्वी कामापुढं माणूस असायचा, त्याला विचारता यायचं. आता कामापुढं गेट यायला लागलं होतं.

एकोणऐंशी साली कारखाना गोकुळ शिरगावच्या वसाहतीत गेला, आणि पिराजीनं खबर आणली की तिथं परदेशी मशीन बसलंय. वाळूला काकवी नाही, खळ नाही, काही नाही. तयार वाळू ओतायची, मशीन दाबायचं, दोन मिनिटांत कोर बाहेर. मौलालीनं धुतलेली विजार चढवली आणि सायकल काढली. अमीरबी म्हणाली, "कुटं?"

"दिवस द्यायला."

गेटवरून बाळासोला निरोप गेला. बाळासो आता मॅनेजर. तासाभरानं आला, मौलालीला बघून खरंच कानकोंडा झाला. "मामू, किती वाळलासा!"

"मशीन बघायचंय. दिवसभर राबतो, झाडतो, काय सांगशील ते करतो. मजुरी नको."

"मामू, बाहेरच्या माणसाला आत न्यायचं न्हाय, असा नियम हाय. मशीन देणाऱ्या कंपनीनं सही घेतलीया आमच्याकडनं."

"आरं, मी काय बाहेरचा?"

बाळासो म्हणाला, "तुमी म्हनाल तर फेटलिंगला लावतो. कंत्राटदाराकडं. तितं सही लागत न्हाय."

फेटलिंग म्हणजे थंड झालेल्या बिडातली वाळू हातोडीनं ठोकून काढायची, कडा घासायच्या. फौंड्रीतलं सगळ्यात खालचं काम. दिवसभर धूळ छातीत जाते आणि कान बधिर होतात. पंधरा वर्षं कोर घडवलेल्या माणसाला तो कोर फोडायचं काम द्यायला निघाला होता, आणि वर उपकार करतोय असं त्याला वाटत होतं.  मौलालीनं विचारलं, "फुटल्याली वाळू हाताला लागती का?"

"लागती की."

"मग येतो उद्यापासनं."

त्याला वाटलं, आत नाही तर मागच्या दारानं शिकू. महिनाभर तो प्रत्येक ठोकळ्यातून निघणारा भुगा चिमटीत धरायचा. वास घ्यायचा. जिभेवर ठेवायचा, मुकादम ओरडायचा, "ए म्हाताऱ्या, जेवणाची सुट्टी झाली न्हाय अजून!" घरी आणून पाण्यात टाकायचा, निखाऱ्यावर जाळायचा. त्यातून एक कडू, औषधासारखा उग्र वास यायचा, बस. गूळ नाही, राळ नाही, तेल नाही. आजपर्यंत वाळूनं, मातीनं, पिठानं, तेलानं, सगळ्यांनी त्याला काहीतरी सांगितलं होतं. ही वाळू अवाक्षर बोलेना. बाळासोला विचारलं, तर तो म्हणाला, "मामू, खरं सांगू? मला बी म्हाईत न्हाय. पोत्यातनं येती. वर फक्त नंबर असतोय." फळ्यावरचे एकशे चाळीस ग्रॅमही केव्हाच पुसले गेले होते. मौलालीनं दिलेलं आता त्यांनाही नको होतं.

उद्यमनगरातलं शेड एका वेल्डिंगवाल्यानं घेतलं.

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तो पिराजीच्या चाकापाशी येऊन बसला. खोकत होता. पिराजीनं सवयीनं विचारलं, "काय मौल्या, आज कुणाचं काय चोरलंस?"

मौलालीनं खिशातून हात काढला, मूठ उघडली. राखाडी वाळू. "कशानं धरलीया, बघ तुला तरी कळतंय का."

पिराजीनं बोटांत चोळली, नाकाला लावली, थुंकी लावून बघितली. कुंभाराची बोटं ती. त्या बोटांना कोल्हापुरातली प्रत्येक माती ठाऊक. त्यानं मान हलवली. "ह्यात कायबी न्हाय रं. हे मातीतलं न्हवंच."

"मग कुणाला इचारू?"

 पिराजीनं चाक सुरू केलं. मौलाली त्या चाकाकडं बघत बसला. पण पिराजीच्या लक्षात आलं, तो बघत नव्हता. आज त्याचे डोळे कुठंच थांबत नव्हते. मग तो उठला, वाळू गटारीत झाडली, हात विजारीला पुसले.

"जातो. सकाळी सातला भोंगा असतोय."

दिवस तो आता रोजच देत होता.